दुपाणीचा ताप

लातूरला एकदा आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय होता बदलतं हवामान आणि लोकांचं आरोग्य. पडद्यावर समुद्रातली बेटं दाखवली. विहिरीत शिरलेलं खारं पाणी, गुडघाभर पाण्यातून चालणारी माणसं, होडीत लसींचा डबा घेऊन बसलेली एक नर्स. माझ्या शेजारी लोह्याकडची एक सिस्टर बसली होती. ती हळूच म्हणाली, "आपल्याला कामून दाखवून राहिले हे? आपल्याकडं कुठंय समुद्र?"

मी म्हणाले, "समुद्र नसू दे. माझ्याकडं बेट हाय."

तिला वाटलं, मी थट्टा करते.

थट्टा नव्हती. धर्माबादच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर दुपाणी नावाचं गाव माझ्या उपकेंद्राखाली होतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला नाला. उन्हाळ्यात नाला एवढा कोरडा की त्यातून बैलगाडी जायची. पण वर कुठं धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी फुगली, की तिचं पाणी उलटं नाल्यात शिरायचं आणि गावाला चारी बाजूंनी पाण्याचा वेढा पडायचा. दुपाणीत पावसाचा थेंबही नसला तरी. मी नोकरीला लागले तेव्हा हे दोन-तीन वर्षांतून एकदा, भादव्यात, एखाद-दुसरा दिवस व्हायचं. लोक तेवढ्यापुरतं तेल-मीठ भरून ठेवायचे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र एकाच पावसाळ्यात दोनदा-तीनदा व्हायला लागलं, आणि तेही सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत. नागोराव भोई यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मी नाला ओलांडायची. ते म्हणायचे, "पाऊस आता पडत न्हाई शिस्टर, वततो. अन् मंग महिनाभर त्वांड दावत न्हाई."

मी आरोग्यसेविका होते. सरकारी कागदात ए.एन.एम., गावात शेख शिस्टर. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे सुया टोचणं. सुया तर आहेतच. लसीकरण, बाळंतपणं, गरोदर बायांची वजनं, गोळ्यांचं वाटपही आहे. पण निम्म्याहून जास्त काम विचारण्याचं. दारोदार जायचं आणि विचारायचं. घरात कुणाला ताप आहे का? किती दिवसांचा? पाणी कुठलं पिता? माझे अब्बा नांदेडला घड्याळं दुरुस्त करायचे. बंद घड्याळ हातात घेतलं की उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचे, पडलं होतं का, भिजलं होतं का, आधी कुणी उघडलं होतं का. गिऱ्हाइक वैतागायचं. मी लहानपणी ते बघत दुकानात बसायची, आणि पुढं माणसांना तेच विचारून त्यांना वैताग देण्याचा पगार मला तीस वर्षं मिळाला.

दुपाणीतला माझा पहिला पेच सांगते, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल. गावाला टाकीचं पाणी होतं. त्यात रोज टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, पडते का, हे मी तपासायची. बाटलीत पाणी घेऊन औषधाचे दोन थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं. पिवळं झालं म्हणजे पाणी चांगलं. दुपाणीचं पाणी रोज पिवळं व्हायचं आणि तरी तीन घरांत पुन्हा पुन्हा हगवण. बाकी गाव ठणठणीत. मी त्या तीन घरांत सात वेळा गेले. सातव्या वेळी जेवायला बसले. गिरजाबाई नावाच्या बाईंनी वरण वाढलं. इतकं मऊ, एकजीव वरण मी त्या गावात कुठंच खाल्लं नव्हतं. मी विचारलं, "मावशी, डाळ एवढी कशी शिजली?"

त्या म्हणाल्या, "टाकीच्या पान्यात शिजंल व्हय? ते बोरचं हाय, जड. डाळ दगडावानी ऱ्हाती. अन् त्वांडाला दवाखान्याचा वास येतो. आमी नदीतलं झिऱ्याचं आनतो."

झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यातलं पाणी गोड लागतं, डाळ मऊ शिजते, आणि त्यात गुरंही तोंड घालतात. स्वयंपाकाबरोबर त्या पिण्यालाही तेच वापरत होत्या. मी सांगितलं, शिजवायला झिऱ्याचं घ्या, प्यायला टाकीचं. गिरजाबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हे पयल्या दिशीच सांगायचं. सात खेपा कामून घातल्या?" हगवण थांबली. तेव्हापासून गिरजाबाई आणि मी एकमेकींना ओळखून होतो.

आता त्या वर्षाचं सांगते.

सोयाबीन वाळून उभं होतं. दसरा जवळ आला होता. तीन दिवस पाऊस ओतला, नदी चढली, गावाला वेढा पडला. दोन दिवसांत नाल्याचं पाणी उतरलं, पण वावरातलं उतरलं नाही. घोट्याच्या वर पाणी आणि त्यात पिकलेलं सोयाबीन. शेंगांना झाडावरच कोंब फुटायला लागले. कापलं नाही तर कुजणार. मग अख्खं गाव पाण्यात उतरलं. बाया-माणसं दिवसभर त्या साचलेल्या पाण्यात वाकून कापायची आणि ओले भारे डोक्यावरून उंचावर आणून टाकायची. कापलेल्या सोयाबीनचे खुंट सुयांसारखे असतात आणि पाण्याखाली दिसत नाहीत. प्रत्येकाचे पाय चिरलेले. असं आठ-दहा दिवस चाललं.

त्या दिवसांत मी फेरीला गेले तेव्हा गिरजाबाईंचा धाकटा मुलगा दत्ता खाटेवर पडलेला होता. तिशीतला, दोन माणसांचं काम एकटा करणारा गडी. त्याच्या बायकोला, सविताला, सहावा महिना होता आणि मी खरं तर तिचं वजन करायला गेले होते. दत्ताला ताप होता, डोळे लाल होते. मी त्याच्या बोटाला सुई टोचून हिवतापासाठी रक्त घेतलं, तापाच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ये म्हणाले.

तो म्हणाला, "तापाचं काय न्हाई शिस्टर, पर पिंढऱ्या लई दुखून राहिल्या. हात लावू देईनात."

मी म्हणाले, "आठ दिवस वाकून कापलंस, भारे वाहिलेस. दुखणारच की."

तो हसला. मी पुढच्या घरी गेले.

पुढं काय झालं ते मी नंतर ऐकलं. दोन दिवसांनी गावात मोटरसायकलवर येणाऱ्या एका खासगी माणसाकडून त्यानं इंजेक्शन घेतलं. बरं वाटलं म्हणून तसाच पुन्हा वावरात गेला. चार दिवसांनी डोळे पिवळे झाले. लघवी कमी झाली, मग थांबली. नांदेडला नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. गावात सगळे म्हणाले, कावीळ पोटात गेली.

मी राख सावडायच्या दिवशी गेले. गिरजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सविता आत पडून होती. मी थोडा वेळ बसले आणि उठले. बाहेर आशाताई कमल उभी होती. कमल म्हणजे त्या गावातली आमची आशा कार्यकर्ती, सातवी शिकलेली, डोकं मात्र तल्लख. ती म्हणाली, "शिस्टर, अजून अकरा जन तापानं पडल्येत. म्या नावं काढून ठेवली."

आम्ही तिच्या ओसरीवर बसलो. माझ्या वहीत गावाचा नकाशा होता, हगवणीच्या वेळी काढलेला. त्यावर अकरा घरांना खुणा केल्या. खुणा गावभर विखुरलेल्या होत्या. एका गल्लीत नाही, एका नळावर नाही. मग मी अकरा जणांची वयं लिहिली आणि तिथं माझा हात थांबला. सगळे अठरा ते पन्नासमधले. एकही लेकरू नाही. एकही म्हातारं नाही.

"कमल, पाण्याचा आजार असता तर आधी कोण पडलं असतं?"

"लेकरं," ती म्हणाली. "अन् म्हातारी."

"अन् डासांचा असता तर?"

"घरात बसनारे बी पडले असते. पर घरात बसनाऱ्यायला कुनालाच न्हाई."

मग आम्ही दोघी अकरा घरांत फिरलो. मी तेच ते प्रश्न विचारत होते. ताप कधी आला, थंडी वाजते का, उलटी होते का. आणि प्रत्येक घरात, न विचारता, ते मला सांगत होते: पिंढऱ्या दुखतात. तिसऱ्या घरापासून मी ते वहीत प्रत्येक नावापुढं लिहायला लागले. सहाव्या घरी मी आपणहून एका बाईच्या पोटरीला हलकं बोट लावलं तर ती किंचाळली. वाकून कापल्यानं आधी कंबर दुखते. पोटऱ्या अशा दुखत नाहीत. हे मला दत्ताच्या खाटेजवळ सुचायला हवं होतं.

दहा जण वावरात पाण्यात कापायला गेलेले होते. पण अकरावे होते बाबूमियाँ किराणावाले, आणि त्यांनी जन्मात विळा हातात धरलेला नव्हता. त्यांच्यामुळं माझा सगळा हिशोब बिघडत होता. उलट नागोराव भोई दिवसभर पाय पाण्यात सोडून तराफा ढकलत होते आणि ते ठणठणीत. पाण्यात असून ताप नाही असा एक आणि पाण्यात नसून ताप असा एक. मी कमलला म्हणाले, "हे दोघं कळले की सगळं कळंल."

नागोरावांचे पाय बघितले. तळवे चामड्यासारखे, एकही चीर नाही. आणि त्यांचं पाणी वाहतं होतं, वावरातलं साचलेलं. इथवर ठीक. मग बाबूमियाँकडं गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत ते गोधडी घेऊन पडले होते. मला बघून म्हणाले, "आ बेटी, बैठ. मैं तो कहीं गयाच नहीं, फिर मेरेकूच क्यों?"

मी विचारलं, "चाचा, हातापायाला काही लागलं होतं का?"

त्यांनी हात पुढं केले. बोटांवर बारीक चिरा होत्या. "तारकी सुतळी थी बोऱ्यां पे. सब बोऱ्यां खाली करना पडा ना."

"का खाली केलीत?"

"चूहे, बेटी! पानी चढ्या तो पूरे शिवार के चूहे मेरी गोदाम में. इन्सान बाहर, चूहे अंदर. सब अनाज पे मूत के रखे. आठ रोज मैं वोच साफ करता बैठ्या."

कमलनं माझ्याकडं बघितलं. वावरात पाणी भरल्यावर बिळांतले उंदीर कुठं गेले असतील, हा प्रश्न आम्हाला दोघींनाही पडला नव्हता. बेट झालं की उंचवटा माणसाला एकच आणि उंदरालाही तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरोग्य केंद्रात डॉक्टरांसमोर वही ठेवली. डॉक्टर अनिकेत नवे होते, माझ्या मुलाएवढे. स्वभावानं चांगले, पण समोर शंभर रुग्ण असले की कुणाचंही चांगुलपण पातळ होतं. म्हणाले, "व्हायरल असेल सिस्टर, सगळीकडं चाललंय."

मी म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं द्या." आणि सांगितलं. लेकरं नाहीत, म्हातारी नाहीत. पाय चिरलेले. उंदीर. पोटऱ्या.

"पोटऱ्या? सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. अन् डोळे लाल, पण चिपडं नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, हे लेप्टो आहे. लेप्टोस्पायरोसिस. पण हा तर कोकणातला, मुंबईतला आजार."

मी म्हणाले, "उंदराला कुठं ठाऊक साहेब, आपण कोकणात न्हाई ते."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी लगेच कोकणात काम करणाऱ्या एका मित्राला फोन लावला, आणि मी समोर बसून एका बाजूचं बोलणं ऐकत राहिले. त्यातून जे समजलं ते असं: उंदराच्या लघवीतून एक जंतू येतो. साचलेल्या पाण्यात, चिखलात तो जगतो आणि चिरलेल्या कातडीतून आत शिरतो. लवकर ओळखला तर साध्या स्वस्त कॅप्सूलनं बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं बंद पडतात. ज्यांना पाण्यात उतरणं भागच आहे, त्यांना आठवड्यातून एकदा तीच कॅप्सूल दिली तर आजार टळू शकतो. लहान लेकरांना आणि गरोदर बाईला ती कॅप्सूल चालत नाही; अशा बाईला दुसरं औषध, दवाखान्यातच. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. एवढी साधी गोष्ट तीस वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती, आणि मीही कधी विचारली नव्हती.

डॉक्टरांनी अकरा जणांचं रक्त तपासायला पाठवायचं ठरवलं, पण अहवालाची वाट न बघता उपचार सुरू केले. अहवाल नंतर आले आणि बहुतेकांच्या रक्तात तोच आजार निघाला. पण मला त्या दिवशी सगळ्यात अवघड काम अहवालाचं वाटत नव्हतं. मला गिरजाबाईंना सांगायला जायचं होतं.

कॅप्सूलचं खोकं घेऊन मी नाल्यावर आले तर पाणी पुन्हा चढत होतं. वर दरवाजे उघडले होते. नागोराव म्हणाले, "दुपारपतुर जाऊ-येऊ. पुढं माझा भरोसा न्हाई." मी आणि खोकं तराफ्यावर बसलो.

गिरजाबाई त्याच भिंतीला टेकून होत्या. मी समोर बसले.

"मावशी, दत्ताला काय झालं होतं ते कळलंय."

मी उंदरांचं, पाण्याचं, चिरलेल्या पायांचं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "औषध हाय याला?"

"हाय."

"लई म्हाग?"

"न्हाई. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं."

"सुरवातीला दिलं असतं तर?"

खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही. सुई टोचताना रोज लेकरांशी बोलायची. पण तिथं जमलं नाही. "बहुतेक वाचला असता, मावशी."

त्या म्हणाल्या, "त्यो तुला बोलला व्हता, पिंढऱ्या दुखत्यात म्हनून."

"हाव. बोलला होता."

"अन् तू काय म्हनलीस?"

"भारे वाहिलेस, दुखणारच, असं म्हणाले."

मला वाटलं आता त्या मला घराबाहेर काढतील. त्यांचा हक्क होता. त्या म्हणाल्या, "म्या बी त्येच म्हनले व्हते."

मग एकदम त्यांनी मान वर केली. "सविता बी दुखत्यात म्हनती. काल रातच्यापासून. म्हनलं, रडून रडून अंग धरलंय."

मी उठून आत गेले. सविता भिंतीकडं तोंड करून पडली होती, तिचेही पाय खुंटांनी चिरलेले. कपाळ तव्यासारखं. डोळे लाल होते, ते रडण्यानं की तापानं, कोण सांगणार? मी पोटरीवर बोट ठेवलं आणि तिनं पाय ओढून घेतला. आमच्या फेरीच्या दिवशी तिला ताप नव्हता, म्हणून ती आमच्या अकरांत नव्हती. दुःखात असलेल्या बाईला पुन्हा ताप विचारावा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गोळी तिला चालत नव्हती. पलीकडं न्यायलाच हवं होतं आणि पाणी चढत होतं. कमल आणि गिरजाबाईंनी तिला धरून नाल्यापर्यंत आणलं. नागोराव म्हणाले, "दोघीच बसा. तिसरं मानूस पेलनार न्हाई." मी सविताला मांडीशी धरून बसले. गिरजाबाई काठावर राहिल्या. नागोराव पोहत तराफा ढकलत होते. मध्यावर धार लागली तेव्हा तराफा फिरला आणि गाव आमच्या मागं न राहता बाजूला आलं. सविता तेवढ्यात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "शिस्टर, पोटात हालतंय." मी म्हणाले, "हालू दे. हालायलाच पायजे."

निघायच्या आधी मी फोन केला होता; पलीकडं डॉक्टरांनी रुग्णवाहिका उभी केली होती. नांदेडला पोचेपर्यंत मी तिच्यासोबत होते. तिथल्या डॉक्टरांना मी वहीतलं पान वाचून दाखवलं. त्यांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं.

पुढचा दिवसभर पाणी उतरलं नाही, मी नाल्याच्या अलीकडं अडकून होते. खोकं कमलकडं राहिलं होतं. मला धास्ती होती की गोळ्या कुणी घेणार नाही. आदल्या दिवशी मी गावात शिरले तेव्हाच एका बाईनं कमलला विचारलेलं ऐकलं होतं, "ह्या गोळीनं लेकरं व्हत न्हाईत म्हनं, खरं हाय का?" आमच्याकडं कुठलीही नवी गोळी आली की हा प्रश्न येतोच. त्यात मी तिथं नाही, आणि कमल गावचीच पोर.

तिसऱ्या दिवशी मी पोचले तर खोकं जवळजवळ रिकामं. कमल म्हणाली, "म्या काईच केलं न्हाई शिस्टर. मावशीनं केलं."

तिनं सांगितलं ते असं. मी तराफ्यावरून गेल्यावर गिरजाबाई काठावरूनच कमलला म्हणाल्या, "खोकं घे. चल." सुतक फिटलं नव्हतं. सुतकातली बाई कुणाच्या दारात जात नाही. पहिल्याच घरी म्हातारी ओरडली, "गिरजे, काय करू लालीस? अजून दहावा झाला न्हाई!" गिरजाबाई म्हणाल्या, "आत येत न्हाई. उंबऱ्याभाईर उभी ऱ्हाते. तुज्या सुनंला भाईर बोलीव, जेवली का इचार, अन् माझ्या म्होरं गोळी गिळू दे." असं घर-घर. कमल आधी विचारायची, गरोदर कोण, लहान कोण, त्यांना बाजूला काढायची. बाकीच्यांना गोळी. जिथं लेकरं होत नाहीत वगैरे निघालं, तिथं गिरजाबाई म्हणाल्या, "माझं झालेलं गेलं. तू व्हनाऱ्याची काळजी करू लालीस." त्या घरानं गोळी घेतली. सुतकातल्या बाईनं दारात उभं राहून मागितलेलं नाही कसं म्हणणार?

त्यानंतर दुपाणीत नव्यानं आजारी पडणारे कमी होत गेले आणि थांबले. अकराही जण बरे झाले. बाबूमियाँना बरेच दिवस लागले. त्यांनी गोदामाला जाळी बसवली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उंदरांवर व्याख्यान द्यायला सुरुवात केली. सविता बारा दिवसांनी परत आली. माघात तिला मुलगी झाली, वजन थोडं कमी, पण आवाज खणखणीत. नाळ मीच कापली.

एक गोष्ट राहून गेली. वर्षअखेरीला आम्ही अहवाल भरला. त्यात आजारानुसार रकाने असतात: रुग्ण किती, मृत्यू किती. दत्ताचं रक्त या आजारासाठी कुणी तपासलंच नव्हतं, आणि तपासल्याशिवाय नाव लिहिता येत नाही. डॉक्टरांनी पत्र लिहिलं, मी वहीची पानं जोडली. उत्तर आलं की पुरावा पुरेसा नाही. नियमानं ते बरोबरच होतं. त्या रकान्यात मला माझ्याच हातानं 'निरंक' लिहावं लागलं. मग मी उपकेंद्रातली जुनी रजिस्टरं काढली, ज्या ज्या वर्षी काढणीत पाणी साचलं होतं ती. 'ताप', 'ताप व कावीळ', असं लिहिलेली काही नावं सापडली. वयं बघितली. तिशी, चाळिशी. त्यांच्या पोटऱ्या दुखत होत्या का? ते आता कुणाला विचारायचं? मी रजिस्टरं बंद करून ठेवली, पण आजही रिकामी बसले की त्यातलं एखादं नाव डोळ्यांसमोर येतं.

निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी लगेच कुणी आलं नाही. जागा बरेच महिने रिकामी होती. मी नांदेडला घरी, भाजी निवडत, दुपाणीचं काय होत असेल याचा विचार करत. एकदा सकाळी गिरजाबाईंचा फोन आला. पाठीमागं सविताच्या मुलीचा आरडाओरडा चालू होता.

"शिस्टर, नाल्याला पानी चढून राहिलंय. म्या अन् कमलनं यादी केलीय. दोगी गरवार हाईत, त्यांला सकाळीच माहेरी धाडलं. गोळ्या डाक्टरकून कालच आनल्या. सोयाबीनवाल्यांला सांगितलंय, पाय पोत्यानं बांदून उतरा."

मला सांगायला काही उरलंच नव्हतं. मी म्हणाले, "बरं केलंत मावशी."

"त्यासाठी फोन न्हाई केला," त्या म्हणाल्या. "येक इचारायचं हाय. औंदा गावात तीन म्हशी गाभडल्या. सातव्या-आठव्या म्हैन्यातच गाभ पडला. तिन्ही त्याच वावरातलं साचलेलं पानी पित्यात. ज्या टाकीचं पित्यात त्यांला काय न्हाई. म्या बगून आले. म्हशीला बी होतो का वो ह्यो ताप?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत म्हशीचं गाभडणं आणि माणसाचा ताप शेजारी ठेवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"ठाऊक नाही मावशी," मी म्हणाले. "गुरांच्या डॉक्टरांना विचारते. पण थांबा जरा, वही घेते. हां, सांगा. पहिली म्हैस कुणाची?"